कानाला कळतं, मशीनला कळत नाही: किनाऱ्यावरच्या रेकॉर्डिंगची दुखणी

मालवणात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, दशावताराची हँडबिलं ही रोजची कामं. हल्ली लोक मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "ह्यां जरा टाईप करून दी." कुणाची सोसायटीची सभा असते, कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाचा लिलावातला हिशेब. बोलण्याचा मजकूर करून देणारं मॉडेल मी दुकानातल्या संगणकावर चालवतो आणि पुन्हा पुन्हा तेच गाऱ्हाणं ऐकतो. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या एका रापणकाराने तर तोंडावर विचारलं, "माका कळता, मगे तुझ्या मशीनीक कित्याक कळना नाय?"

प्रश्न रास्त आहे. बहुतेक वेळा दुखणं मशीनच्या डोक्यात नसतं, कानात असतं. म्हणून मॉडेल बदलायच्या आधी आवाज तपासा.

लक्षणं

सकाळचं रेकॉर्डिंग बरं उतरतं, दुपारचं बिघडतं: वाऱ्यावर संशय घ्या.

मजकूर येतो, पण "हो", "नाय", "मग" असे बारके शब्द गळतात: आवाज लहान आहे, किंवा सॉफ्टवेअरमधली शांतता कापणारी कात्री फार धारदार आहे.

कुणी बोलत नसताना वाक्यं उगवतात, एकच ओळ सात-आठ वेळा येते: मॉडेलला शांतता किंवा नुसती गाज दिली गेली आहे.

"फणस फोडला"चं "फणस सोडला" होतं: वरच्या पट्टीतला आवाज फाईलमध्ये नाहीच.

हेडफोनवर स्वच्छ ऐकू येतं आणि मशीन कोरं पान देतं: हे मला सर्वात आवडणारं दुखणं. त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

सगळाच मजकूर परका, जणू दुसरीच भाषा: फाईलचा वेग चुकलाय, किंवा भाषा खरंच दुसरी आहे.

आधी पेपर वाचा

पाच मिनिटांची आणि फुकटची तपासणी. आजच्या पेपरातला एक उतारा घ्या. त्याच फोनवर, त्याच जागी, त्याच अंतरावर बसून एक मिनिट वाचा. मग घरातल्या गाद्या-गोधड्यांच्या खोलीत दार लावून तोच उतारा परत वाचा. दोन्ही मशीनला द्या.

दोन्ही नीट उतरले तर माईक ठीक, जागा ठीक, अडचण बोलणाऱ्याच्या बोलीत आहे. शेवटच्या भागाकडे जा, मधलं वाचू नका. खोलीतलं नीट आणि बाहेरचं वाईट आलं तर जागा दोषी. दोन्ही वाईट आले तर फोन, माईक किंवा फाईल. लोक हे करायचं टाळतात आणि थेट सॉफ्टवेअर शोधायला लागतात. मीही पहिलं वर्ष तेच केलं.

भोक, पिन, चार्जर

खारी हवा इथे लोखंडाला सोडत नाही, तर माईकला का सोडील? फोनच्या खालच्या कडेला असलेलं बारीक भोक बघा. त्यात पीठ, मीठ, मासळीचं खवलं, कव्हरची कड, काहीही असू शकतं. कव्हर काढून परत रेकॉर्ड करा. भोकात टाचणी घालू नका, आत पडदा आहे. कोरडा मऊ ब्रश पुरतो. बाहेरचा माईक असेल तर त्याची पिन बघा. तिच्यावर हिरवट थर आला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या बोळ्याने पुसून पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात "खर्र... टक्" असा आवाज येत असेल तर बहुधा हीच पिन.

मग चार्जर काढा. नुसती बॅटरी ठेवून एक मिनिट रेकॉर्ड करा. घरघर गेली तर ती विजेतून येत होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण ५०, १००, १५० अशा पटींत दिसते. लाईट गेल्यावर स्वस्तातला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर चालू असेल तर १५०, २५०, ३५० या विषम पटी जास्त जोरात येतात, आणि त्या थेट बोलण्याच्या पट्टीत घुसतात. लिनक्स, विंडोज, मॉडेल, कशाचाही इथे संबंध नाही. चार्जर काढा, झालं.

पण माईकच्या किंवा आवाजाच्या मिक्सरच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिथेच थांबा. तो आवाजाचा प्रश्न राहिला नाही, अर्थिंगचा झाला. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून हा प्रयोग पुढे नेऊ नका.

अंतर आणि वारा

बोलणारा मीटरभर लांब असेल तर फोन वितीभर अंतरावर आणा. अंतर निम्मं केलं की तोंडाकडून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. मीटरवरून पाव मीटरवर आलात तर १२ डेसिबल, आणि समुद्राची गाज मात्र होती तेवढीच. इतकी कमाई मला कुठल्याच फिल्टरने करून दिलेली नाही. तरी लोक फोन टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि सहा जण भोवती बसतात. दर वेळी.

वारा म्हणजे माईकच्या पडद्यावर बसणाऱ्या थापा. त्यांची ताकद मुख्यतः काहीशे हर्ट्झच्या खाली असते, त्यामुळे थोडा वारा फिल्टरने जातो. पण थाप जोरात बसली की पडदा आणि त्यामागचं सर्किट दोन्ही तुंबतात, आणि त्या क्षणाला बोलणं नोंदवलंच जात नाही. नोंदवलं नाही ते मागाहून कुठून आणणार? माईकला फोमची टोपी घाला, नसेल तर सैल लोकरी मोजा. समुद्राच्या बाजूच्या खळ्यात न बसता मागच्या पडवीत बसा. जमलं तर सकाळी रेकॉर्ड करा. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

पाऊस पडत असताना पत्र्याखाली रेकॉर्डिंग करू नका. त्याला उपाय नाही.

फाईल कुठून फिरून आली?

माझ्याकडे येणारी निम्मी रेकॉर्डिंगं तीन ग्रुपांतून फिरून आलेली असतात. व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज ओपस नावाच्या पद्धतीने दाबलेला असतो. एकदा दाबलेला ओपस वाईट नसतो, मशीनला चालतो. पण कुणी तो स्पीकरवर लावून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड केला, मग कुणी एमपी थ्री केला, की प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं जातं. मूळ फाईल मागा, आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मग तिचा सॅम्पल रेट बघा, म्हणजे सेकंदाला किती वेळा आवाज मोजलाय ते. नायक्विस्टचा नियम असा की जितके नमुने, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज टिकतो. सेकंदाला ८,००० नमुने असतील तर ४,००० हर्ट्झच्या वर काहीच नाही. साध्या टेलिफोनच्या वाटेने आलेला आवाज तर ३०० ते ३,४०० एवढ्यातच बसवलेला असतो. "स"चा सीत्कार बहुतेक ४,००० च्या वर. तो गेला की "फोडला" आणि "सोडला" यांत मशीनला फरक दिसत नाही. आपल्याला दिसतो, कारण फणस फोडतात हे आपल्याला माहीत असतं. ८ किलोहर्ट्झची फाईल १६ ची करून गेलेला "स" परत येत नाही, फक्त फाईल फुगते.

व्हिस्परसारखी बोलण्याचा मजकूर करणारी मॉडेलं १६ किलोहर्ट्झ मागतात. फाईल ४८ ची असेल तर एफएफएमपेग नावाचं फाईल बदलणारं साधन ती नीट उतरवून देतं. पण कुणीतरी हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये नुसता दर तिसरा नमुना उचलला असेल तर गोंधळ होतो. १० किलोहर्ट्झवर किरकिरणारा किडा दुमडून ६ किलोहर्ट्झवर येऊन बसतो, नेमका "स"च्या शेजारी. म्हणून आधी ८ च्या वरचं गाळायचं, मग नमुने कमी करायचे. उलट क्रम चालत नाही.

आणि दहा मिनिटांची सभा पाच मिनिटांत संपत असेल, माणसं चिमण्यांसारखी बोलत असतील, तर ८ ची कच्ची फाईल १६ समजून उघडली गेलीय. आकडा बदला. एका मिनिटाचं काम, पण हे न कळल्यामुळे एका गृहस्थांनी नवा लॅपटॉप घेतल्याचं मी पाहिलंय.

आता डोळ्यांनी बघा

ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात फाईल उघडा आणि आवाजाच्या लाटेचा आकार बघा. १६ बिटच्या फाईलमध्ये आकडे उणे ३२,७६८ ते ३२,७६७ एवढेच मावतात. त्याच्या वर आवाज गेला की डोंगराचं शिखर कापून सडा (कातळाचं सपाट पठार) केल्यासारखा माथा सपाट दिसतो. सपाट माथा म्हणजे हरवलेली माहिती, आणि त्या कापलेल्या कडांतून नवेच उपस्वर (मूळ सुराच्या पटींतले वरचे सूर) तयार होतात, जे बोलणाऱ्याच्या तोंडात नव्हतेच. आवाज मागाहून कमी केला तरी सडा तो सडाच, फक्त बुटका. परत रेकॉर्ड करा आणि सर्वात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा (शून्य म्हणजे फाईलमध्ये मावणारा सर्वात मोठा आवाज). लिलावाचं रेकॉर्डिंग करताना हे हमखास चुकतं, मग ते हर्णैच्या वाळूवर असो की इथल्या बंदरावर: बोली वाढली की आवाज वाढतो, आणि माईक तर लेव्हल लावताना होता तिथेच.

आता ते आवडतं दुखणं. एका सभागृहातल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आलं. हेडफोनवर सुरेख. मॉडेलने मात्र चाळीस मिनिटांच्या भाषणासाठी तीन वेळा "धन्यवाद" लिहून दिलं आणि गप्प बसलं. दोन दिवस मी मॉडेलच्या मागे होतो. तिसऱ्या दिवशी सहज लाट मोठी करून बघितली. डाव्या बाजूची रेघ जिथे वर चढते, तिथे उजवीची तेवढीच खाली उतरते. अगदी आरशात बघितल्यासारखी.

झालं असं होतं: मिक्सरच्या तीन तारांच्या बॅलन्स्ड आउटपुटमध्ये एकच आवाज दोनदा असतो, एकदा सुलट आणि एकदा उलट, म्हणजे वाटेतला गोंगाट पुढे वजा करता येतो. ती पिन कुणीतरी रेकॉर्डरच्या स्टिरिओ भोकात खुपसली. डावीकडे सुलट, उजवीकडे उलट. आपले दोन कान दोन वेगळे, म्हणून आपल्याला ऐकू येतं. मशीन दोन्ही बाजू मिळवून एक करतं, आणि सुलट अधिक उलट बरोबर शून्य. शून्यातून बिचारं आणखी काय लिहिणार? उपाय: स्टिरिओ तोडून एक बाजू फेकून द्या. दहा सेकंद.

फिल्टर, आणि सफाईचा मोह

इथून पुढे काम थोडं कठीण होतं, म्हणून मशीन ऐकतं कसं ते सांगतो. ते आवाज ऐकत नाही, आवाजाचं चित्र बघतं. दर १० मिलीसेकंदांनी २५ मिलीसेकंदांचा तुकडा उचलायचा, त्यात कुठल्या वारंवारतेला किती जोर आहे ते काढायचं, आणि ते जोर मेल नावाच्या मापावर समजा ८० पट्ट्यांत भरायचे. मेल माप १९३७ सालचं आहे, माणसाच्या कानाला सुरांमधलं अंतर जसं जाणवतं त्यावर बेतलेलं: खाली पट्ट्या अरुंद, वर रुंद. मग प्रत्येक पट्टीच्या जोराचा लॉगरिदम घ्यायचा. या शेवटच्या पायरीत सगळी गोम आहे. लॉगरिदममध्ये मोठे आवाज आवळले जातात आणि बारीक आवाज ठळक होतात. दोन शब्दांमधल्या दरीत साचलेली मंद गाज आपल्या कानाला नगण्य, पण चित्रात तिने दरी बुजवून टाकलेली असते.

ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्रामवर जा, म्हणजे असंच चित्र दिसेल. विजेची गुणगुण खिडकीच्या गजांसारख्या आडव्या रेघांत येते. समुद्राची लाट येते तेव्हा खालपासून वरपर्यंत धुकं दाटतं आणि ओसरतं. ट्रॉलरच्या इंजिनाच्या रेघा गजांसारख्याच, पण वेग बदलला की वरखाली सरकतात. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक डिझेल इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ९० स्फोट होतात, म्हणजे रेघा ९०, १८०, २७० अशा.

पहिला फिल्टर हाय-पास, म्हणजे खालचं अडवून वरचं सोडणारा, ८० ते १०० हर्ट्झवर. वाऱ्याचा तळ, ५० ची गुणगुण आणि इंजिनाची पहिली रेघ त्यात जाते किंवा मंदावते. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर त्याच्या जवळपास असतो म्हणून लोक घाबरतात. घाबरू नका. टेलिफोन ३०० च्या खालचं सगळं कापत आला, तरी बापाचा आवाज ओळखू येतोच, कारण वरचे उपस्वर शाबूत असतात. इंजिनाच्या १८० आणि २७० च्या रेघा मात्र बोलण्यात मिसळलेल्या राहतात. त्यांच्या मागे लागू नका. होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन परत रेकॉर्ड करा, किंवा इंजिन बंद होईपर्यंत थांबा.

आता मोहाची गोष्ट. गोंगाट घालवणारं बटण प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतं. त्याची मूळ कल्पना साधी, स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली मांडलेली: बोलणं नसतानाच्या तुकड्यातून गोंगाटाचा नमुना घ्या आणि सगळ्या फाईलमधून तेवढा वजा करा. पंख्याच्या, विजेच्या एकसुरी आवाजाला हे छान लागू पडतं. लाट एकसुरी नसते. नमुना घेतला तेव्हा ती ओसरलेली असेल तर पुढे गोंगाट उरतो, भरलेली असेल तर गोंगाटाबरोबर बोलणंही वजा होतं, आणि मधेमधे टिणटिण वाजणारे ठिपके राहतात.

एका आजींच्या ओव्या होत्या, दांडीच्या किनाऱ्याजवळच्या घरात गायलेल्या. मी एक अख्खी संध्याकाळ त्या पुसत बसलो. शेवटी इतकं स्वच्छ झालं की त्यांच्या नातीने ऐकून डोळे पुसले. आणि मशीनने आधीपेक्षा जास्त शब्द गाळले. कारण वर सांगितलेल्या लॉगरिदममध्ये होतं. वजाबाकीत जिथे जवळजवळ शून्य उरलं तिथे चित्रात खोल काळी भोकं पडली, आणि अशी भोकं असलेलं बोलणं मॉडेलने शिकताना सहसा बघितलेलंच नसतं. २०२२ साली आलेलं व्हिस्पर ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलं, आणि तो आवाज इंटरनेटवरून गोळा केलेला, सगळ्या तऱ्हेचा. थोड्या गोंगाटाची त्याला सवय आहे. पुसण्याच्या खुणांची नाही. मी मूळ फाईल घेतली, नुसता हाय-पास लावला, लेव्हल सारखी केली आणि परत दिली. पुष्कळ सुधारली. कानाला मात्र ती साफ केलेलीच गोड लागते, म्हणून नातीला ती दिली आणि मशीनला ही.

तेव्हा कुठलीही सफाई मोजून करा. एक मिनिट हाताने टाईप करा. मशीनच्या मजकुरात चुकलेले, गळलेले आणि जादा घुसलेले शब्द मोजा, त्यांची बेरीज हाताने लिहिलेल्या शब्दसंख्येने भागा. सफाईआधी आणि नंतर. आकडा वाढला तर सफाई फेकून द्या, कानाला कितीही आवडो. (हा आकडा शंभर टक्क्यांच्या वरही जातो, जादा शब्दांमुळे. घाबरून भागाकार परत करू नका.)

शांतता कापणारी कात्री बहुतेक साधनांत असते. ती नुसत्या जोरावर चालणारी असेल तर लाट आली की उघडते आणि हळू म्हटलेल्या "हंय"वर (इथे) मिटते. उंबरठा खाली आणा आणि प्रत्येक तुकड्याच्या मागेपुढे २००-३०० मिलीसेकंद जागा सोडा. पूर्ण बंद करू नका, नाहीतर रिकाम्या जागी मॉडेल मनचं लिहितं.

देवळाच्या सभामंडपातल्या घुमण्यावर माझ्याकडे चांगला उपाय नाही. टाळी वाजवा. ती बराच वेळ रेंगाळत असेल तर माईक तोंडाजवळ आणा. रेकॉर्डिंग आधीच झालं असेल तर घुमणं काढण्याच्या पद्धती आहेत, पण त्यांना चार-सहा माईक मिळाले तरच त्या खरी कमाल करतात.

कुठे थांबायचं

झिणझिण्यांचं वर सांगितलंच. दुसरं, कुणी कोर्टकचेरीसाठी फाईल "साफ" करायला आणली तर हात लावू नका. फोन आणि मूळ फाईल तशीच ठेवायला सांगा आणि वकिलाकडे पाठवा. फिल्टर लावलेल्या पुराव्यावर पहिला प्रश्न फिल्टरचाच येतो.

तिसरं, बोली. "खंय गेललंस?" (कुठे गेला होतास?) म्हटलं की मशीन "काय केलंस" लिहितं, "माका"चा "मका" करतं. पेपरचा उतारा त्याच माईकवर नीट उतरला असेल तर इथे हाय-पास, लो-पास कशाचाही उपयोग नाही. मालवणी त्याने पुरेशी ऐकलेली नाही, एवढंच. त्याला अनेक तासांचं मालवणी बोलणं आणि शब्दन्शब्द बरोबर टाईप केलेला मजकूर देऊन पुढे शिकवावं लागतं. ते काम भाषा-तंत्रज्ञान शिकवणाऱ्या विद्यापीठ विभागांतली माणसं करतात, दुकानदार नाही. तोवर आजींच्या ओव्या मी हातानेच टाईप करतो, तासाला पाच-सहा मिनिटं या वेगाने.

अशा जाणकाराकडे जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: हात न लावलेली मूळ फाईल, त्याच जागी कुणी न बोलता घेतलेला अर्ध्या मिनिटाचा नुसता आवाज, आणि हाताने टाईप केलेलं ते एक मिनिट. साफ केलेली फाईल घरी ठेवा.